त्रिकोणी हनुवटी

"ही मी हाय व्हय, मॅडम?"

शर्वरी चौगुले पडद्याकडे बोट दाखवून विचारत होत्या. पडद्यावर एक उंच, किडकिडीत बाई उभी होती. हनुवटी त्रिकोणी, नखं लांब, पापण्यांवर हिरवट रंग. चार अॅनिमेशनपट पाहिलेलं कुठलंही पोर पॉपकॉर्न खाता खाता सांगेल की ही बाई वाईट आहे.

"तसं थेट नाही म्हणता येत," मी म्हणाले. "यंत्राच्या मते नभाला घरातलं कुणीतरी असं दिसतं."

"घरात दोघीच हाय की आम्ही."

"हो."

"मग मीच की." त्यांनी बोट खाली घेतलं. दूध संघाचा निळा शर्ट अंगात तसाच होता, टँकर खाली लावून थेट वर आल्या होत्या. वय अडतीस, आवाज खणखणीत आणि चेहरा उन्हानं रापलेला. कोल्हापूरच्या कितीतरी बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं 'मी आलो, मी गेलो' बोलतात, तशा त्याही बोलत. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज एकदम बसला होता.

मी केतकी मिरजकर. पुण्याच्या एका अॅनिमेशन कॉलेजात बावीस वर्षं कथनशास्त्र शिकवलं. मुलं माझ्या तासाला 'गोष्टीचं पोस्टमॉर्टम' म्हणायची, मलाही ते नाव आवडायचं. निवृत्तीनंतर गावी परत आले तर कोल्हापूरच्या बालनिवास मंडळानं बोलावून घेतलं. ज्या मुलांनी कुणाकडे राहायचं याचा वाद आहे, त्यांचा निकाल हे मंडळ करतं. आणि त्यांच्याकडे 'सप्तपात्र' नावाचं यंत्र आलं होतं.

सप्तपात्र समजायला थोडं मागं जावं लागेल. शंभरेक वर्षांपूर्वी एका अभ्यासकानं परीकथांचा ढीग पुढ्यात घेतला. त्यातले राजे, राक्षस, म्हाताऱ्या, बोलके पक्षी, सगळ्यांचे कपडे उतरवले आणि फक्त एवढंच विचारलं की यातलं कोण काय काम करतं? कामं सातच निघाली. एक नायक असतो आणि कुणीतरी त्याच्या वाटेत काटे पेरतं. कुणी त्याची परीक्षा घेऊन मग हातात काहीतरी ठेवतं, कुणी नुसतीच मदत करतं, कुणी त्याला कामगिरीवर धाडतं. कुणालातरी शोधायचं असतं. आणि एक तोतया असतो, जो शेवटी श्रेय लाटायला पुढं येतो. अॅनिमेशनवाल्यांनी पुढं या कामांना आकार दिले. मायाळू तो गोल, भरवशाचा तो चौकोनी आणि वाईट तो टोकदार. मूल अक्षरं शिकण्याच्या आधी हे आकार शिकतं.

यंत्र हेच उलटं करतं. मुलाला खुर्चीत बसवायचं, डोक्यावर एक हलकी टोपी घालायची. टोपीतला मंद प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूत रक्त कुठं धावतंय ते सांगतो. पडद्याखालचा कॅमेरा नजर आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघत असतो. चित्रपट आधी तयार नसतो. सुरुवातीला नुसते रंगीत ठिपके हलतात. क्षणाक्षणाला यंत्र दहा-बारा वाटा सुचवतं, अगदी पुसट, आणि मुलाचं मन जिकडं ओढ घेईल ती वाट पुढं काढतं. वीस मिनिटांत अख्खी गोष्ट पडद्यावर उभी राहते. मुलानं एक शब्द उच्चारलेला नसतो आणि तरी ती त्याचीच असते. चेहरे यंत्र आपल्या साच्यांतून देतं, पण हालचाली मुलाच्या आठवणीतून येतात. त्या हालचाली घरच्या माणसांच्या व्हिडिओशी ताडून यंत्र सांगतं, की या मुलाच्या मनात कुणाला कुठलं काम मिळालं आहे.

हे यंत्र मी बनवलं नाही, पण त्याला गोष्ट शिकवली ती मी. पहिला नियम माझा होता: बघणारं मूल म्हणजे नायक. बावीस वर्षं मी वर्गात हेच सांगत आले होते, की अंधारात बसलेलं प्रत्येक पोर स्वतःला पडद्यावरचा नायकच समजतं. त्यामुळे नायकाची कुणाशी तुलना करायचं कामच यंत्राला उरलं नाही. ते फक्त बाकीच्यांना शोधायचं.

आणि त्याचं बरोबर यायचं. एका मुलाच्या चित्रपटातला त्रिकोणी माणूस त्याच्या शिकवणीचा मास्तर निघाला आणि ते पोर वेळेत सुटलं. त्यानंतर मंडळात यंत्राचा शब्द खाली पडेना. माझाही.

नभा चौगुले नऊ वर्षांची. ती पाच वर्षांची असताना घाटात दरड कोसळली आणि तिचे आई-वडील एकाच दिवशी गेले. तेव्हापासून ती आत्याकडे, म्हणजे शर्वरीताईंकडे होती. शाळेत बोलायची कमी, पण तक्रार अशी नव्हती. मग एक दिवस वर्गात बाईंच्या टेबलापाशी जाऊन ती म्हणाली, "आमच्या घरात एक वाईट माणूस आहे." एवढंच. पुढं कितीही विचारलं तरी गप्प. बाईंनी मंडळाला कळवलं. नाशिकच्या मामाच्या कानावर गेलं, त्यानं पोरगी माझ्याकडे द्या म्हणून अर्ज केला. मग यंत्रापुढे नभा बसली आणि त्रिकोणी हनुवटीची बाई पडद्यावर आली.

सुनावणीआधी पालकांना चित्रपट दाखवायचा असा नियम आहे. म्हणून बुधवारी दुपारी शर्वरीताई माझ्या खोलीत होत्या.

गोष्ट साधी होती. एक गोल चेहऱ्याची, हसरी बाई. तिच्याकडे एक अवाढव्य जनावर, हत्तीपेक्षा मोठं, डोळ्यांत दिवे लागलेले आणि पाय मोजून दहा. रोज निघण्याआधी ती हातातल्या काठीनं त्याच्या एकेका पायावर टकटक करी, कान देऊन ऐके आणि मग पाठीवर चढे. डोंगर, नद्या, चहाचे मळे, सगळीकडे ती भटकायची. मग ही टोकदार बाई आली. काही बोलली नाही, नुसती दारात येऊन उभी राहिली. जनावर एकेक पाऊल मागं सरकत धुक्यात नाहीसं झालं. गोल बाई उरली, ती गल्लीबोळातून दुधाच्या छोट्या छोट्या कासंड्या वाहत राहिली. टोकदार बाई खिडकीतून ते बघत राहिली. चित्रपट संपला.

"पोरीचं जनावर मी पळवून लावलं," शर्वरीताई म्हणाल्या. त्यांनी त्याचा तोच अर्थ घेतला जो मी घेतला होता. "बरोबर आहे, मॅडम. मी वरडतो. डबा राहिला की वरडतो, रस्त्यात हात सोडला की वरडतो. डिझेलच्या गाड्यांवर शिकलो, इंजिनाच्या वर आवाज काढायला लागायचा. आता गाड्यांचा आवाज गेला, माझा तेवढा राहिला."

"कधी हात उगारलात?"

"आईशप्पथ नाही. पण भ्या वाटायला मार कशाला लागतोय?" त्यांनी पडद्याकडे पाठ केली. "नाशिकचा मामा माणूस चांगला हाय. मामी पण. तिला माझं एवढं भ्या वाटत असंल तर जाऊ दे तिकडं. कुठं सही करू सांगा."

मी म्हणाले, शुक्रवारपर्यंत थांबा, घाई करू नका. पण संमतीपत्राचा कोरा नमुना टेबलावरच होता. त्यांनी तो ओढून घेतला आणि माझ्याच पेनानं सही केली. मी त्यांना अडवलं नाही. यंत्राचा आकडा एक्क्याण्णव टक्के होता आणि एक्क्याण्णव टक्क्यांपुढं आपण काय बोलणार, असं मला वाटलं. याची लाज मला आजही वाटते.

त्या गेल्यावर लक्षात आलं की कागदावर तारीख राहिली आहे. कागद घेऊन मी जिन्यानं खाली धावले, या वयात धावता येतं तेवढी.

आवारात दुधाचा टँकर उभा होता. शर्वरीताईंच्या हातात टायर खोलायची लोखंडी टॉमी होती. पुढच्या चाकापाशी त्या थांबल्या, टायरवर टॉमी आपटली आणि मान किंचित वाकडी करून आवाज ऐकला. पलीकडच्या चाकावर आपटली, ऐकलं. मग मागं गेल्या.

पडद्यावरच्या गोल बाईची काठी मला आठवली.

"हे काय करताय?"

"हवा बघतो," त्या मागं न बघता म्हणाल्या. "टण्ण वाजलं की बरोबर, थप्प वाजलं की कमी. आता मोबाईलवर दिसती सगळी हवा, पण माझं काय समाधान होत नाही त्यानं. चाकं वाजवल्याबिगर गाडी काढली की दिवसभर चुकल्यागत वाटतंय."

"टँकरच्या आधी काय चालवत होता?"

आता त्या वळल्या. आणि तासाभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. "दहाचाकी. स्वतःची. कोल्हापूर ते गुवाहाटी. दादा म्हणायचा, बाईमाणसानं एवढ्या लांब जाऊ ने. म्हटलं, तू घरात बस आणि नकाशा बघ." बोलताना त्या टॉमी तळहातावर आपटत होत्या. "चहाचे मळे बघितलाय का तुम्ही? सकाळच्या उन्हात बघायला पायजे."

"नभानं पाहिली होती ती गाडी?"

"तर! तीन वर्षांची असताना केबिनमधी बसवून पुलापर्यंत न्यायचो. चाकं वाजवताना संगट फिरायची, कान लावायची टायरला."

"मग गाडीचं काय झालं?"

"इकली की. लेकराला घेऊन गुवाहाटीला फिरू काय? तिची शाळा हाय." त्या पुन्हा शेवटच्या चाकाकडे वळल्या. "तारखेचं काय म्हणत होता?"

"तारीख राहू दे," मी म्हणाले आणि कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

खोलीत परत आले, दार लावलं, यंत्र सुरू केलं. दहा पाय! बावीस वर्षं मी मुलांना सांगत होते की अॅनिमेशनमध्ये एकही रेघ उगाच नसते, कुणीतरी ती मुद्दाम काढलेली असते. आणि दहा पायांचं जनावर बघून मी मनात म्हटलं होतं, काय कल्पनाशक्ती आहे पोरीची. शहाणी म्हणून पगार घेत होते मी.

पहिला नियम काढून टाकायला चार मिनिटं लागली. नायकाची जागा रिकामी ठेवली आणि यंत्राला सांगितलं, नभाची तीच नोंद पुन्हा बघ, सगळ्या पात्रांना सगळ्यांशी ताडून बघ. कुणीच कोण आहे हे आधी गृहीत धरू नकोस.

यंत्रानं गोल बाईची चाल, मान वाकडी करण्याची लकब, काठी धरायची पद्धत, सगळं शर्वरी चौगुले यांच्याशी जुळवून दाखवलं. ही गोष्ट आत्याची होती. नायिका आत्या. मी खालची ओळ वाचली आणि वाचतच राहिले.

त्रिकोणी हनुवटीची बाई खिडकीत उभी असताना शर्टाच्या बाह्या ओढून बोटांवर घेत होती. दर वेळी. एवढी उंच, लांब नखांची बाई, आणि हातांचे ते चाळे लहान मुलाचे. मला आठवलं, पहिल्या दिवशी माझ्या खोलीत नभा आली ती बाह्यांत बोटं लपवूनच. यंत्रानं जुळवलेलं नाव नभाचंच होतं. आधी नायकाची जागा नभाला देऊन टाकल्यामुळे या बाईसाठी आत्याखेरीज नावच उरलं नव्हतं.

डोळ्यांच्या नोंदीही मी नव्यानं काढल्या. भीती वाटते तेव्हा नजर संकटाला चिकटते, सुटता सुटत नाही. नभाची नजर त्या बाईवर टिकतच नव्हती, ती खाली जात होती. हे काही भ्यालेल्या मुलाचं बघणं नव्हतं. आपण काहीतरी फोडलंय आणि अजून कुणी रागावलं नाही, अशा मुलाचं होतं. नोंद माझ्याकडे पंधरा दिवस पडून होती, आणि माझाच नियम मला ती वाचू देत नव्हता.

मी खुर्चीत बसून रडले. मग डोळे पुसले आणि जुने त्रेचाळीस अहवाल काढून टेबलावर ठेवले. ते सगळे पुन्हा तपासावे लागणार होते. त्यातल्या किती मुलांना मी जबरदस्तीनं नायक केलं होतं, कुणास ठाऊक.

शुक्रवारी सकाळी सुनावणीच्या आधी मी नभाला एकटीलाच खोलीत घेतलं. यंत्र बंद ठेवलं. समोर राजगिऱ्याचे लाडू ठेवले, तिनं त्यांना हात लावला नाही.

"नभा, ती टोकदार हनुवटीची बाई कोण आहे, मला कळलंय."

तिनं बाह्या ओढल्या. "मग आता मला पाठवणार?"

"कुठं?"

"कुठं पण. वाईट माणसाला शेवटी घालवतात की." ती अगदी समजुतीनं बोलत होती, जणू मलाच हे माहीत नव्हतं. "म्हणून तर बाईंना सांगितलं मी. पण सगळे आत्यालाच प्रश्न विचारायलेत. कुणाला कळंनाच."

"तुला जायचं आहे?"

तिनं मान हलवली. नाही. मग घाईघाईनं म्हणाली, "पण मी गेलो तर आत्या गाडी परत घेईल. ती मोबाईलवर बघती अजून, इकायच्या गाड्या. बघती आणि बंद करती."

घरातल्या घरात दोघींनी एकमेकींसाठी एकमेकींना सोडून द्यायचं ठरवलं होतं. एकीनं सही केली होती, दुसरीनं तक्रार. आणि एवढं करून दोघी रात्री एकाच ताटात जेवत असतील.

"हे आत्याला सांगू?"

"नको. वरडंल."

"ओरडू दे," मी म्हणाले. "तिचा नुसता आवाजच मोठा आहे."

सुनावणीची खोली लहान होती. मंडळाचे अध्यक्ष दळवी साहेब, नाशिकहून आलेले हर्षद मामा, शर्वरीताई, नभा आणि मी. आधी मी माझी चूक सांगितली. यंत्राची नाही, माझी, हे दोनदा सांगितलं. मग नभाला विचारून, तिचा हात हातात घेऊन, बाकीचं सांगितलं.

शर्वरीताई उभ्या राहिल्या. आणि ओरडल्याच.

"कुणी सांगितलं गं तुला हे? कुणी सांगितलं?"

"तूच," नभा म्हणाली. रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "फोनवर म्हणालीस. नभा आली आणि गाडी गेली."

शर्वरीताई खाली बसल्या, तशा त्या नभाच्या उंचीला आल्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील की छे, गाडीचं काय एवढं, मला काही वाटलं नाही. मोठी माणसं असंच खोटं बोलतात आणि पोरांना ते बरोबर कळतं.

"म्हटलो असंन," त्या म्हणाल्या. "गाडी गेली तवा लई वाईट वाटलं मला. गिऱ्हाईक चावी घेऊन गेला आणि मी अंगणात बसून रडलो. खोटं नाही सांगत. पण नभे, गाडी तू नाही नेलीस. मी इकली. कागदावर सही माझी हाय. माझ्या मर्जीनं केली. तुला काय वाटलं, तुझ्या आत्याकडनं कोण काय काढून घेऊ शकतंय?"

नभानं बाह्या पुन्हा बोटांवर ओढल्या. पटलं नव्हतं. चार वर्षं मनात धरलेली गोष्ट एका वाक्यानं कशी सुटणार?

मामांनी घसा साफ केला. "ताई, मला वाटलं पोरगी तिथं घाबरून राहते. म्हणून अर्ज केला. तसं नसेल तर..." ते थांबले आणि दळवी साहेबांकडे बघत म्हणाले, "मे महिन्यात पाठवा फक्त. आंबे खायला."

निकाल काय लागला ते सांगून टाकते. नभा आत्याकडेच राहिली, संध्याकाळी तसा कागद निघाला. पर्समधलं ते संमतीपत्र मी घरी जाऊन फाडलं. पण त्याआधी त्या खोलीत जे झालं, ते निकालाच्या कागदात लिहिलेलं नाही.

शर्वरीताई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, ती टोपी मोठ्या माणसाला बसती का?"

दळवी साहेब म्हणाले, यंत्र मुलांसाठीच आहे, प्रौढांवर कधी वापरलेलं नाही. मी म्हणाले, साहेब, नियम माझेच आहेत आणि या आठवड्यात मी एक मोडलाच आहे. त्यांनी हातानंच चालू करा म्हणून सांगितलं.

माझ्या खोलीतून यंत्र आणलं. टोपी जेमतेम बसली. केसांचा बुचडा सोडावा लागला. शर्वरीताई खुर्चीत अवघडून बसल्या, टँकर चालवायला बसतात तशा दोन्ही हात पुढं धरून. नभाला मी शेजारी स्टुलावर बसवलं. पडद्यावर ठिपके हलायला लागले.

हिरवे उतार आले. चहाचे मळे, सकाळचं ऊन. दहा पायांचं जनावर रस्त्यानं डुलत चाललेलं आणि त्याच्या मानेवर गाणं म्हणत बसलेली बाई. ती चौकोनी होती. शर्वरीताईंना आपण गोल वाटत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मग आकाशातून एक पक्षी खाली आला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. गाणं थांबलं.

मी यंत्राच्या नोंदीकडे बघत होते. त्रिकोणी आकाराची वाट यंत्र पुन्हा पुन्हा सुचवत होतं. शर्वरीताईंचं मन एकदाही तिकडं गेलं नाही.

"खलनायक कधी येणार?" दळवी साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं.

"येणार नाही," मी म्हणाले. "गोष्ट दोन प्रकारे सुरू होते, साहेब. एक, कुणीतरी कुणाचं वाईट करतं तेव्हा. आणि दुसरी, आपल्याकडे काहीतरी नाही हे एखाद्याला अचानक कळतं तेव्हा. दुसऱ्या गोष्टीत वाईट माणूस लागतच नाही."

पडद्यावर बाई जनावराच्या मानेवरून खाली उतरली. तिला कुणी ढकललं नव्हतं. तिनं जनावराच्या गालावर एकदा हात ठेवला, मग पाठ फिरवली आणि निघाली. उतार संपले. नदी आली, ती नदीतून गेली. शेतं आली, शहरं आली, पायातली एक चप्पल कुठंतरी राहिली, तिनं मागं वळून पाहिलं नाही. लांब, रस्त्याच्या अगदी टोकाला एक दार दिसत होतं, आणि दारात एक इवलीशी गोल गोल पोरगी, गाल फुगवून बसलेली. बाईनं पदर कमरेला खोचला आणि ती धावत सुटली.

नभा स्टुलावरून उठून पडद्याजवळ गेली होती. बाह्यांतून तिची बोटं बाहेर आली होती आणि एक बोट काचेवर त्या बाईच्या पायांवर टेकलं होतं.

"आत्या," ती मागं न बघता म्हणाली, "तू पळत आलतीस?"

"मग?" शर्वरीताई टोपीखालून ओरडल्या. "चालत यायचं व्हय?"